कातिबचाचांना काय विचारावे?

आम्ही उर्दू माध्यमाचे तिघे शिक्षक सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर छंदांचे पॉडकास्ट करतो. बी.एड.ला प्रश्न विचारण्याचे कौशल्य शिकलो, त्याचा खरा कस इथे लागतो.

मोहल्ल्यात एक बुजुर्ग कातिब आहेत. नस्तालिक संगणकावर उतरली, १९९४ मध्ये इनपेज आले आणि हळूहळू त्यांची रोजी गेली. आता शौक म्हणून लिहितात. 'तरुणांना काय संदेश द्याल?' असे विचारले तर तेही भाषणच देतील. 'चाचा, बोरूला कत कसा देता?' म्हटले, की बोरू हातात घेऊनच सांगू लागतात. ऐकणाऱ्याला हात दिसत नाहीत, म्हणून आम्ही पुढे विचारतो : काप तिरका का? अलिफची उंची कशाने मोजता? तेव्हा कळते, अक्षराचे माप त्याच बोरूच्या नुक्त्याने घ्यायचे. बोरू बदलला की मापही बदलते.

ते मध्येच थांबले, तर आम्ही दुसरा प्रश्न पुढे लोटत नाही. अशाच एका शांततेनंतर त्यांनी छापखान्यातला आपला शेवटचा दिवस सांगितला. आमच्या कागदावर तो प्रश्नच नव्हता.

अशी माणसे तुमच्याही मोहल्ल्यात असतील. ती आहेत तोवर विचारून घ्या. आधी काम विचारा, मते नंतर.