पाय कोणता?

आंद्रेआस ब्रेमे २० फेब्रुवारी २०२४ रोजी म्युनिक येथे हृदयक्रिया बंद पडून निवर्तला. वय अवघे ६३. वृत्तपत्रात ही बातमी आम्हांस क्रीडापृष्ठाच्या तळाशी चार-पाच ओळींत सापडली. १९९०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टीवर विजयी गोल करणारा जर्मन बचावपटू, एवढाच त्याचा परिचय तीत होता. बातमीत खोटे काही नव्हते. तरीही ती वाचून आम्ही सवयीने शेजारच्या आरामखुर्चीकडे पाहिले. खुर्ची अर्थातच रिकामी होती. दादा जाऊन तोवर सात वर्षे लोटली होती.

दादा आमच्या गावच्या संघाचा डावा बचावपटू. आमचे गाव फोंड्याजवळचे. भाताची कापणी झाली की शेते मोकळी होत आणि बांध मोडून तेथेच मैदान तयार होई. दादाचा पाय उजवा. परंतु गावात डाव्या पायाचा कोणीच नसल्यामुळे त्याला डावीकडे उभे केले, आणि तो पंधरा वर्षे तेथेच उभा राहिला. त्यासाठी त्याने घराच्या मागल्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारण्याचा इतका सराव केला, की आई दरवर्षी चुना काढताना त्याचा उद्धार करी. पेनल्टी मात्र त्याला कोणी कधी मारू दिली नाही. तो मान आघाडीच्या खेळाडूंचा.

८ जुलै १९९०ची ती रात्र. रोममधला सामना आपल्याकडे साडेअकराला सुरू झाला. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि पडवीत आमच्या कृष्णधवल दूरचित्रवाणी संचासमोर निम्मा वाडा दाटीने बसला होता. सारे माराडोनाचे. आम्हीही त्याचेच; चार वर्षांपूर्वी मेक्सिकोत त्याने याच पश्चिम जर्मनीला नमवले होते, आणि तेच पुन्हा घडेल अशी आमची भाबडी श्रद्धा होती. सामना, खरे सांगायचे तर, रटाळ झाला. अर्जेंटिनाचा मोन्झोन बाहेर काढला गेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिलाच खेळाडू. मग ८५व्या मिनिटाला सेन्सिनीच्या आडव्या पायावर रूडी फोलर पडला आणि मेक्सिकोचे पंच कोदेसाल यांनी पेनल्टी दिली. पडवीत एकच गिल्ला झाला.

नेहमीचा मानकरी कर्णधार लोथार मॅथेउस. परंतु पूर्वार्धात त्याच्या बुटाचा तळ निकामी झाला होता, आणि मध्यंतरात घातलेल्या नव्या बुटांवर त्याचा विश्वास बसेना. म्हणून ब्रेमे पुढे आला. समोर गोयकोचेआ होता. याच स्पर्धेत युगोस्लाव्हिया आणि इटली यांच्या मिळून चार पेनल्ट्या अडवून त्यानेच अर्जेंटिनाला इथवर आणले होते.

‘‘अरे, हा उजव्या पायाने मारतोय!’’ दादा ओरडला.

‘‘मग त्यात काय झाले?’’ आम्ही त्रासून म्हणालो.

‘‘डावा बचावपटू आहे तो!’’

गोयकोचेआने दिशा बरोबर ओळखली. झेपही पूर्ण घेतली. चेंडू त्याच्या बोटांपुढून खांबाला लागून आत गेला. माराडोना रडला, आमचा वाडा रडला, आणि दादा एकटा हसत होता. आम्ही त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

ती पेनल्टी द्यायला नको होती, असे आमचे मत आजही आहे. दादा मात्र प्रत्येक वेळी आठवण करून देई, की उत्तरार्धातच गोयकोचेआने आउगेनथालरला पाडले होते आणि तेव्हा पंचांनी काहीच दिले नव्हते. हा युक्तिवाद आम्हांस कधी खोडता आला नाही. मान्यही करवला नाही.

दादाच्या हट्टामुळेच आम्ही पुढे या माणसाची माहिती गोळा करू लागलो. ब्रेमेचा जन्म ९ नोव्हेंबर १९६०चा, हॅम्बुर्गचा. त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशीच बर्लिनची भिंत कोसळली. वडील फुटबॉलचे प्रशिक्षक, आणि दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत हा त्यांचा आग्रह. १९८६च्या उपांत्यपूर्व सामन्यात यजमान मेक्सिकोविरुद्ध पेनल्ट्यांवर निकाल लागला, तेव्हा ब्रेमेने आपली पेनल्टी डाव्या पायाने मारली होती. चार वर्षांनी रोममध्ये उजव्या. त्याचा पाय डावा की उजवा हे आपल्याला वीस वर्षांत कळले नाही, असे त्याचे प्रशिक्षक बेकेनबाउर गमतीने म्हणत. हे दादाला सांगितले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला आनंद म्हणावे की विषाद, हे आम्हांस ठरवता आले नाही.

त्या स्पर्धेत ब्रेमेने केवळ तेवढीच पेनल्टी मारली असेही नाही. हॉलंडविरुद्ध मिलानमध्ये त्याने गोलरक्षकाला वळसा घालणारा गोल केला. ते मैदान तर त्याचे घरचेच, कारण तेव्हा तो इंटर मिलानकडून खेळत असे आणि १९८९चे इटालियन विजेतेपद त्याने त्याच संघात मिळवले होते. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्धची त्याची फ्री किक पार्करला लागून उडाली आणि शिल्टनच्या डोक्यावरून आत गेली. त्या वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या मानांकनात तो तिसरा आला. बचावपटूच्या वाट्याला इतके येणे दुर्मीळच.

परंतु दादाला रोमच्या विजयापेक्षा प्रिय होती ती कायझर्सलाउटर्नची हकिगत. कारकिर्दीच्या उतरणीला ब्रेमे आपल्या या जुन्या संघात परतला होता. १८ मे १९९६ रोजी लेव्हरकुसेनशी बरोबरी झाली आणि त्याचा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. फोलर प्रतिपक्षात होता. त्याचा तो अखेरचा सामना. सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर ब्रेमे त्याच्या खांद्यावर डोके टेकून ढसाढसा रडला. ज्याला पाडले म्हणून पेनल्टी मिळाली तो, आणि ज्याने ती मारली तो! आठवड्याने त्याच संघाने जर्मन चषक जिंकला. त्या सामन्यात ब्रेमेला लाल कार्ड मिळाले. पस्तिशीतल्या विश्वविजेत्याने तेथेच बूट खुंटीला टांगले असते, तर कोणी दोष दिला नसता. तो संघाबरोबर दुसऱ्या श्रेणीत उतरला. १९९७ साली संघ वर आला आणि १९९८ साली थेट जर्मनीचा विजेता ठरला. नुकत्याच वर आलेल्या संघाने बुंडेसलीगा जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही. अखेरच्या वर्षी ब्रेमे फार थोडे सामने खेळला. मग निवृत्त झाला.

पुढची वर्षे त्याला तितकीशी साधली नाहीत. प्रशिक्षक म्हणून जम बसला नाही. पैशाची ओढाताण झाली, आणि ती वृत्तपत्रांत चघळली गेली; एका माजी खेळाडूने तर त्याला आपल्या सफाईच्या व्यवसायात काम देऊ केल्याचे चारचौघांत सांगितले. ते वाचून दादा दिवसभर कोणाशी बोलला नव्हता.

बेकेनबाउर ब्रेमेच्या सहाच आठवडे आधी गेले. हे दादाला सांगायचे राहिले. परवा घराला रंग काढायला माणसे आली होती. मागल्या भिंतीचा गिलावा गुडघ्याएवढ्या उंचीवर बशीसारखा खोलगट झाला आहे. तो भरून घेऊ का, असे त्यांनी विचारले. आम्ही नको म्हणालो.