काकूंच्या दारातली खुर्ची

नाटक म्हणजे रडवणारं, अशी माझ्या आजोबांची पक्की समजूत होती. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, आमच्या ब्रह्मपुरीकडची हवाच तशी. दिवाळी सरून मंडईच्या जत्रांचे दिवस लागले की वैनगंगेपलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. होळीपर्यंत झाडीपट्टी नाटकांचा हा मोसम. आजोबा खांद्यावर चादर टाकून सायकलवर निघत आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी परत येऊन एवढंच सांगत, "मस्त रडवलं गा." ज्या नाटकात पोरानं मायला घराबाहेर काढलं नाही, त्याच्या तिकिटाचे पैसे त्यांच्या हिशेबी वाया.

अशा माणसाला 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आवडेल, असं कोणी म्हटलं असतं तर आम्हीच हसलो असतो.

साल 2002. मी सहावीत. आमच्याकडे टीव्ही होता, पण केबल नव्हती. ती होती शेजारच्या काकूंकडे. काकू शिक्षिका. अल्फा मराठीवर टिपरे लागायच्या दिवशी गल्लीतली आम्ही पाच-सात पोरं त्यांच्या घरात. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नसे, मग टीव्हीचा आवाज इतका मोठा की समोरच्या घरालाही संवाद पाठ व्हावेत. आजोबा मला बोलवायला म्हणून आले आणि दारात उभे राहिले. अर्धा भाग उभ्यानंच पाहिला. घरी येताना म्हणाले, "याच्यात तं काहीच होत नाही गा."

खरंच काही होत नसे. शेखर नोकरदार, श्यामला घर सांभाळणारी, शलाका आणि शिऱ्या वाढत्या वयातली, आणि वर शेखरचे वडील आबा, म्हणजे गंगाधर टिपरे. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदेंनी केलेली ही मालिका. खलनायक नाही, कट नाही, कोणी कोणासाठी विष कालवत नाही. त्या पाचजणांचे स्वभाव एकमेकांवर घासत, आणि त्या घासण्यातूनच हसू यायचं. आजच्या मालिकांत सासू जिना उतरते तर तीन दिशांनी कॅमेरा फिरतो. टिपऱ्यांकडे माणूस नुसता खोलीत आला तरी तो कोण आहे ते कळायचं. माझ्या मते मराठीत कुटुंबावर इतकं हलक्या हातानं टीव्हीवर फार थोडं झालं. प्रभावळकरांचा 'चिमणराव' त्याआधी गाजला होता म्हणतात, पण तो माझ्या जन्माआधीचा.

पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा मला बोलवायला आले, मालिका सुरू व्हायच्या आधीच. काकू काही बोलल्या नाहीत. "या, बसा" म्हटलं असतं तर आजोबा काम आठवून निघून गेले असते. काकूंनी फक्त दाराशी एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवला, आणि आत जाऊन भाजी निवडत बसल्या. त्यानंतर मालिकेच्या दिवशी ती खुर्ची आधीच मांडलेली असे. विटेसकट.

इथं एक घरची गोष्ट सांगायला हवी. बाबांनी रस्त्याकडची धानाची बांधी आजोबांना न विचारता विकली होती. आजोबांनी त्या बांधीत चाळीस वर्षं रोवणी केलेली. तेव्हापासून दोघं थेट बोलत नसत. "तुझ्या बापाले सांग" आणि "आजोबांना विचार" यांच्यामधला टेलिफोन मी. जेवणाची ताटंसुद्धा आगेमागे वाढली जात.

एका रात्री मालिका रंगात आली आणि लाइन गेली. तेव्हा भारनियमन नेहमीचंच. पोरं ओरडली, काकू कंदील शोधायला उठल्या. बाबा जेवायला बोलवायला आले होते, ते सायकल धरून अंगणात उभे. अंधारात आजोबांचा आवाज आला, "शेखरचंच चुकलं. बापाले विचारायचं नाही का?"

कोणी काही बोललं नाही. मग अंगणातून बाबा म्हणाले, "अन् आबांनी तरी कुठं सरळ तोंडानं सांगितलं?"

"म्हातारा माणूस आहे तो."

"म्हणून का झालं? शेखरलेही काही अडचण असंल."

कंदील लागेपर्यंत ते दोघं आबा आणि शेखर यांच्यावरून भांडत राहिले. जवळजवळ वर्षानं एकमेकांशी बोलत होते, पण नावं टिपऱ्यांची. काकूंनी कंदील आणायला नेहमीपेक्षा फार वेळ लावला, हे माझ्या लक्षात कितीतरी वर्षांनी आलं.

बांधीचा विषय पुढंही नीट मिटला असं नाही. पण ताटं एकत्र वाढली जाऊ लागली.

आबा रंगवणाऱ्या प्रभावळकरांचा जन्म 1944चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्नचे, हे काकूंनी कुठंसं वाचून सांगितलं तेव्हा एकाहत्तरीचे आजोबा भयंकर दुखावले. "म्हणजे मायापेक्षा चौदा वर्षांनी लहान, अन् मलेच म्हातारपण शिकवून राहिला?" दोन आठवडे आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आले. नंतर 'लगे रहो मुन्नाभाई' टीव्हीवर लागला तेव्हा प्रभावळकरांचे गांधीजी पडद्यावर दिसताच म्हणाले, "हा तं आपला टिपरे." आणि नाइलाजानं हात जोडले.

मालिका 2005मध्ये संपली. आजोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काकू निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला राहतात. गेल्या दिवाळीत फोन केला, त्या खुर्चीची आठवण काढली, इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं बोलून टाकलं.

"कोणती खुर्ची रे?" काकू म्हणाल्या.

निळी, प्लॅस्टिकची, एका पायाखाली विटेचा तुकडा, मी सांगितलं.

"हो का? ब्रह्मपुरीचं घर सोडताना सगळं भंगारात दिलं बघ," त्या म्हणाल्या, आणि बाबांची तब्येत विचारली.