नकाराच्या उपसागराकाठी

नावावरून गावाची परीक्षा करू नये असे म्हणतात. पण दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंडणाऱ्याला, त्यातून तो भाषेचा मास्तर असेल तर, हा नियम पाळणे फार जड जाते. तिथे एक धुराचा उपसागर आहे, एक रेघांचा उपसागर आहे आणि सेड्यूना या गावाला लागून चक्क नकाराचा उपसागर आहे. इंग्रजीत त्याला ‘डिनायल बे’ म्हणतात. ही तिन्ही नावे मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्द्याने १८०२ साली, या किनाऱ्याचा नकाशा काढताना दिली. धूर होता मूळ रहिवाशांच्या शेकोट्यांचा, रेघा होत्या पाण्यावरच्या. नकाराचा इतिहास मात्र दुहेरी आहे. समोरच्या बेटाला डच खलाशांनी १६२७ मध्येच संत पीटरचे नाव देऊन ठेवले होते, आणि येशूला तीन वेळा नाकारणारा शिष्य तो हाच पीटर. शिवाय या उपसागरातून खंडाच्या पोटात शिरायला जलमार्ग मिळेल अशी फ्लिंडर्सला आशा वाटली होती, ती फोल ठरली. त्याने नकाशावर ती निराशा प्रामाणिकपणे लिहून ठेवली आणि गलबत पुढे हाकारले.

अ‍ॅडलेडहून सेड्यूना मोटारीने पावणेआठशे किलोमीटर. पोर्ट ऑगस्टा मागे पडले की दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि मधूनच धान्याच्या उंच कोठ्या. माणूस असा क्वचितच दिसतो. आम्ही गेलो तो ऑगस्ट महिना होता. माझा भाचा गाडी चालवीत होता आणि दर तासाला म्हणत होता, “मामा, आता आलंच हं!” शेवटी गाव आले तेव्हा तो स्वतःच दचकला. सेड्यूना म्हणजे उणीपुरी साडेतीन हजारांची वस्ती. समुद्राकाठी झाडांची रांग, पाण्यात गेलेला लाकडी धक्का, आणि जवळच थेवेनार्ड हे बंदर. तिथून गहू, जिप्सम आणि मीठ बाहेर जाते. पण गावाचा खरा अभिमान म्हणजे कालवे. आपल्या कोकणात कालवे खडकावरून फोडून काढतात, इथे त्यांची समुद्रात रीतसर शेती करतात.

इतक्या लांबवर आम्ही कालवे खायला गेलो नव्हतो. न उगवलेल्या एका उद्योगाची जागा मला पाहायची होती. या गावासमोरच्या समुद्रात तेल शोधायचे ठरले होते. त्यासाठी परवाने निघाले, वर्षानुवर्षे हिशेब झाले, आणि एकामागून एक ते परवाने परत करण्यात आले.

या समुद्राला ‘ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट’ म्हणतात. इथल्या ‘बाइट’चा चावण्याशी संबंध नाही, किनाऱ्याच्या लांबरुंद बाकाला इंग्रजीत हा एक जुना शब्द आहे. नकाशात पाहिले तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण अंगाला कुणी हलकेच आत दाबल्यासारखा हा बाक दिसतो. त्याच्या आणि अंटार्क्टिकाच्या मध्ये जमीन म्हणून नाही. कधीकाळी ही दोन खंडे एकमेकांना चिकटलेली होती. ती दूर होऊ लागली तेव्हा मधल्या खळग्यात मोठमोठ्या नद्यांनी गाळ आणून ओतला. काही ठिकाणी त्याची जाडी दहा किलोमीटरहून अधिक आहे. जाड गाळ दिसला की भूगर्भशास्त्रज्ञाचे डोळे चमकतात, कारण तेल जन्मते ते अशाच गाळात. २००७ साली समुद्रतळावरून खरवडून आणलेल्या खडकांत तेल देऊ शकेल असा खडक सापडलाही.

मग अडले कुठे? अडले पाण्यात. १९७४ साली मुंबई हायला ‘सागर सम्राट’ने तेल काढले, ते आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या अजून लक्षात असेल. तिथे पाण्याची खोली सुमारे पाऊणशे मीटर. पाय तळाशी टेकवून यंत्र उभे राहू शकत होते. बाइटमधल्या ‘स्ट्रोमलो-१’ या नियोजित विहिरीच्या जागी पाणी २,२३९ मीटर खोल, म्हणजे तीस पट, आणि किनारा सुमारे ३७० किलोमीटर दूर. त्यात दक्षिण महासागराच्या लाटा. २००३ साली वुडसाइड कंपनीने याच भागात एक विहीर खोदायला घेतली होती. खवळलेल्या समुद्रापुढे हात टेकून, ठरलेल्या थरापर्यंत पोचण्याआधीच तिला काम थांबवावे लागले.

परवाना म्हणजे काय, याविषयी माझ्या मनात एक ढोबळ समजूत होती: पैसे भरले की समुद्राचा तुकडा आपला. तसे नसते. ऑस्ट्रेलियाचे सरकार असा परवाना देताना मुख्यतः वचन मागते. अमुक वर्षांत इतक्या क्षेत्राचे भूकंपलहरींनी सर्वेक्षण करू, इतक्या विहिरी खोदू, असे कंपनीने लिहून द्यायचे. तेलावर हक्क मिळतो तो पुढची गोष्ट. आधी मिळतो तो शोधण्याचा अधिकार, आणि त्याबरोबर शोधण्याचे बंधन. बी.पी. कंपनीने जानेवारी २०११ मध्ये असे चार परवाने घेतले आणि चार विहिरींचे वचन दिले. तारीख लक्षात घ्यावी. आदल्याच एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात याच कंपनीच्या विहिरीवर स्फोट होऊन अकरा माणसे गेली होती आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत होते. तिथले पाणी सुमारे दीड हजार मीटर खोल होते; इथले त्याहून खोल.

सेड्यूनात दोन तट पडले, आणि मला दोन्हीही खोटे वाटले नाहीत. हेलिकॉप्टरांचा तळ सेड्यूनाच्या विमानतळावर व्हायचा होता. जिथे तरुण मुलगा शाळा संपली की अ‍ॅडलेडची वाट धरतो, तिथे हेलिकॉप्टरचा तळ म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या आईबापांना वेगळे सांगायला नको. समुद्राकाठी कालवे विकणाऱ्या बाई भेटल्या. त्यांचा धाकटा भाऊ त्या नोकरीच्या आशेवर दोन वर्षे थांबला होता. “आणि तुम्हाला काय वाटत होतं?” मी विचारले. त्यांनी सुरीने एक कालव उघडले आणि माझ्यापुढे धरले. “हे पाण्यातच राहतं, पाणीच गाळून जगतं,” त्या म्हणाल्या. “भावाला दुसरी नोकरी मिळेल. याला दुसरं पाणी कुठून आणू?” एकाच घरातली ही दोन मते, गावात किती असतील!

परवान्याच्या निमित्ताने एक चांगले मात्र झाले: हा समुद्र पहिल्यांदाच नीट पाहिला गेला. २०१३ ते २०१७ या काळात बी.पी., सरकारी संशोधन संस्था आणि दोन विद्यापीठे यांनी मिळून सुमारे २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा अभ्यास केला. खोल तळावरचे शेकडो जीव असे निघाले की शास्त्राला त्यांची नावेदेखील ठाऊक नव्हती. तेल शोधायला निघालेल्यांच्या पदरात गोगलगायी आणि खेकडे पडले!

इकडे बी.पी.ची खोदाईची योजना नियामक मंडळाने एकाहून अधिक वेळा सुधारणेसाठी परत पाठवली. या समुद्रासाठी मुद्दाम एक अजस्र तरंगते यंत्रही बांधून घेतले होते. त्याचे नाव ‘ओशन ग्रेटव्हाइट’, म्हणजे इथल्या नरभक्षक माशाचेच. ते तयार झाले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने कळवले की आम्ही खोदणार नाही. इतरत्र पैसा घालणे अधिक फायद्याचे आहे. वर्षाने शेव्हरॉननेही तेच केले. उरली नॉर्वेची इक्विनॉर. तिने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपली योजना लोकांपुढे ठेवली, तेव्हा तीस हजारांहून अधिक लोकांनी त्यावर मते पाठवली. अपघात झालाच तर तेल कुठवर जाईल, याचे शंभर काल्पनिक हिशेब एकावर एक ठेवून काढलेला नकाशा त्याआधीच बाहेर आला होता. शक्यतेचा तो डाग पश्चिम ऑस्ट्रेलियापासून पार न्यू साऊथ वेल्सपर्यंत पसरला होता. एकच अपघात एवढा पसरेल असा त्याचा अर्थ नव्हे, हे कंपनीचे म्हणणे बरोबर होते. पण ज्याचे घर त्या डागाखाली आले त्याला सरासरीने समाधान कसे व्हावे? शहराशहरांतून हजारो लोक लाटांवर खेळायच्या फळ्या घेऊन समुद्रात उतरले आणि निषेध म्हणून गोल करून बसले.

आणि मग गंमत अशी झाली की डिसेंबर २०१९ मध्ये इक्विनॉरला मंजुरी मिळाली. एक मोठा दरवाजा उघडला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, कंपनीने सांगितले की हिशेब जुळत नाही, विहीर रद्द. पीटरने तीनदा नाकारले होते. ज्यांची नावे गावात सर्वांच्या तोंडी होती अशा या तीन कंपन्यांनीही तीन वेळा नाकारले.

लढणारे म्हणाले, आम्ही जिंकलो. कंपनी म्हणाली, हे निव्वळ गणित. मला वाटते, गणितात लोकांचा विरोध हीसुद्धा एक रक्कम असते. फक्त ताळेबंदात तिचे नाव वेगळे लिहितात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेला जवळजवळ तीनशे किलोमीटरवर ‘हेड ऑफ बाइट’ला गेलो. वाटेत नलारबॉरचे माळरान लागते. लॅटिन शब्द जोडून केलेले हे नाव; अर्थ, ‘झाड नाही’. नावाने इथे थाप मारलेली नाही. माळ जिथे एकाएकी तुटतो तिथे उंच कडे सरळ समुद्रात उतरतात, आणि त्यांच्या पायाशी निळ्याशार पाण्यात देवमासे आपली पिले घेऊन निवांत पडून असतात. मिर्निंग या मूळ रहिवाशांच्या परंपरेत जीडारा हा पांढरा देवमासा त्यांचा पूर्वज आहे. तेलाच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत त्यांचे वडीलधारे बना लॉरी अग्रभागी होते.

या देवमाशाला इंग्रजीत ‘राइट व्हेल’ म्हणतात. म्हणजे मारायला ‘योग्य’. तो सावकाश पोहतो, मेल्यावर तरंगतो आणि चरबीतून भरपूर तेल देतो, म्हणून योग्य! एकोणिसाव्या शतकात जवळच्या फाउलर्स बेला शिकाऱ्यांचा तळ होता. म्हणजे या समुद्रातून तेल एकदा काढून झालेले आहे. तेव्हा कुणी परवाना परत केला नाही. देवमासे जवळजवळ संपले तेव्हाच तो धंदा संपला. १९३५ मध्ये या जातीला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले, आणि त्यानंतरही त्यांना या खडकांपाशी पुन्हा दिसू लागायला कितीतरी वर्षे लागली. लाकडी सज्जावर उभे राहून मी एका पिलाला आईच्या पाठीवर लोळताना पाहत होतो. भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, ह्यांना कळलंच नसेल, नाही?”

परतताना सेड्यूनाच्या वेशीवर तपासणी नाका लागला. पश्चिमेकडून येणाऱ्यांना फळे आत नेता येत नाहीत, फळमाशीची भीती. आमच्याजवळची दोन संत्री तिथे द्यावी लागली. एका माशीसाठी एवढी दक्षता घेणारा हा प्रदेश, आपल्या समुद्राविषयी तीस हजार पत्रे का लिहितो ते मला तिथे उमगले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. परवाना परत गेला म्हणजे समुद्राला अभय मिळाले असे नव्हे. एकाने खाली ठेवलेले दुसऱ्याला उचलता येते. सर्वेक्षणांची माहितीही नियमाप्रमाणे काही काळाने खुली होते, आणि पुढच्याला ती आयती मिळते. खाली तेल आहे की नाही, हे त्या विहिरीने सांगितले असते. ती खोदलीच गेली नाही. फ्लिंडर्सने आत जाऊन पाहिले, वाट नाही अशी खात्री करून घेतली आणि मग नकार लिहिला. या कंपन्यांनी पाहण्याआधीच पाठ फिरवली, कारण पाहण्याचीच किंमत फार होती. माणसाला जे जे कळू शकते ते ते त्याने उकरून पाहिलेच पाहिजे, असे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. त्या कड्यावरून खाली पाहिल्यापासून ते वाक्य उच्चारताना माझा आवाज जरा खाली येतो.