त्रेसष्ट सिद्धि

काम पुरें करणें आणि काम चांगलें करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेंत वह्या तपासतांना हा भेद आम्हांस नित्य दिसे. सगळे प्रश्न सोडविणारा विद्यार्थी ते सगळे समजूनच सोडवितो असें नाहीं. हाच भेद अलीकडे अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे संगणकावरील एका खेळांत, आमच्या पाहण्यांत आला.

आमची नात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडीं लहानमोठीं सात माणसें, आणि संगणक एकच, तोही बाहेरच्या खोलींत. त्यामुळें तिचा खेळ हा साऱ्या घराचा विषय झाला. खेळाचें नांव 'होलो नाइट'. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं 'टीम चेरी' नांवाच्या दोनचार माणसांच्या मंडळीनें तो रचिला. २०१४ सालीं त्यांनीं लोकांकडून वर्गणी मागितली, ५७ हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर जमले, आणि २०१७ च्या फेब्रुवारींत खेळ बाहेर पडला. पात्रें बहुतेक सर्व कीटक. हॅलोनेस्ट हें त्यांचें राज्य भुईखालीं उद्ध्वस्त होऊन पडलें आहे, आणि खिळ्यासारखी तरवार घेतलेला एक मुका वीर त्यांतून वाट काढीत जातो. वारुळाचा उभा छेद घेतला तर जसें दिसेल, तसें तें चित्र बाजूनें दिसतें. नकाशा आयता मिळत नाहीं. कॉर्निफर नांवाचा नकाशे काढणारा कोठें तरी गुणगुणत बसलेला असतो; त्याला शोधून तो विकत घ्यावा लागतो, आणि उरलेला भाग स्वतः हिंडून भरावा लागतो.

खेळांत ठराविक पराक्रम साधले म्हणजे त्यांची नोंद होते. त्या नोंदीस 'अचीव्हमेंट' म्हणतात. आम्ही 'सिद्धि' म्हणूं लागलों. योगशास्त्रांत महासिद्धि आठच. येथें त्या ६३! त्या सर्व मिळविण्याचा नातीनें संकल्प केला.

थोरल्या चिरंजीवांस प्रथम जुगाराची शंका आली. ती रास्तच होती, कारण पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संसदेस ऑगस्ट २०२५ मध्यें करावा लागला. परंतु हा खेळ त्या जातीचा नव्हे. एकदां विकत घेतला कीं पुढें पैशाचा संबंध उरत नाहीं.

बऱ्याच सिद्धि वाटेनें जातां जातां पदरीं पडतात. शेवटच्या मात्र मनुष्याची परीक्षा पाहतात. एकीसाठीं सारा खेळ पांच तासांच्या आंत संपवावा लागतो. दुसरीसाठीं ४२ प्रबळ शत्रूंशीं ओळीनें झुंजावें लागतें. एकेचाळिसाव्याशीं हरलें तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि 'स्टील हार्ट' नांवाच्या सिद्धीसाठीं एकाच जन्मांत शंभर टक्के खेळ पुरा करावयाचा. मध्यें मरण आलें कीं सर्व पुसलें.

सतराव्या तासास नातीला तें मरण आलें. एका साध्या शत्रूच्या अंगावर तिनें घाईनें उडी घेतली, आणि सारें संपलें. ती जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों पुनः आरंभ! त्यावर चिरंजीव बोलून गेले, "हीच चिकाटी सी. ए. च्या परीक्षेंत दाखविली असतीस तर!" तिची ती पहिली परीक्षा गेल्या वर्षीं हुकली, आणि पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर गेला होता. मुलगी मुकाट्यानें उठून आंत गेली. मागाहून आम्हीं चिरंजीवांस एकट्यांत सांगितलें कीं, खेळांत आपण कोठें चुकलों हें त्याच क्षणीं कळतें. परीक्षेचा निकाल आठवड्यांनीं येतो, आणि तोंवर आपण काय लिहिलें हें लिहिणाराही विसरलेला असतो. पहिल्या अपयशांतून उठणें त्यामानानें सोपें. एकीकडली चिकाटी आपोआप दुसरीकडे जाते, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें झालेलें आम्हीं वर्गांत क्वचितच पाहिलें.

दुसऱ्या खेपेस 'स्टील हार्ट' साधली, आणि अखेर एकच सिद्धि उरली. ती सर्वांत सोपी होती.

"आजोबा, ही मला करावीशी वाटत नाहीं," नात म्हणाली.

झोट नांवाचा एक बढाईखोर कीटक एका अजस्र माशीच्या जबड्यांत सांपडतो. त्यास सोडविलें तर तो आभार मानीत नाहींच, उलट आपली शिकार हिरावली म्हणून रागें भरतो. त्यास तसाच सोडून पुढें गेलें तर तो मरतो, आणि त्याबद्दलही एक सिद्धि मिळते. तिचें नांवच 'नेग्लेक्ट', म्हणजे उपेक्षा. दुसऱ्या एका सिद्धीसाठीं मात्र त्यास वांचवून पुढें रंगणांत हरवावें लागतें. अर्थात् ६३ पुऱ्या करावयाच्या तर एका जन्मीं त्यास तारिलें पाहिजे, आणि दुसऱ्या जन्मीं मरूं दिलें पाहिजे.

"मग मरूं दे मेल्याला," मेथी निवडतां निवडतां आमच्या सौ. म्हणाल्या. नात हंसली, परंतु त्या दिवशीं तिनें तें केलें नाहीं.

चौथ्या दिवशीं केलें. पडद्यावर त्रेसष्टावी नोंद उमटली. तिनें ना टाळी वाजविली, ना कोणास हांक मारली. तिनें आपला पहिला जुना डाव उघडला. त्यांत झोट जिवंत आहे. डर्टमाउथ गांवीं बसून तो आपले ५७ उपदेश ऐकवीत असतो. एकाहून एक निरर्थक असे ते सत्तावन्नही उपदेश तिनें त्याच्यासमोर उभें राहून ऐकून घेतले. त्याबद्दल कोणतीही सिद्धि मिळत नाहीं.

यादीच्या लेखीं तारणें एक आणि मारणेंही एक. तिला बेरीज कळते, बरेंवाईट कळत नाहीं. पदवीपत्रें, पदकें आणि टक्केवारी यांच्या याद्याही याच जातीच्या आहेत. मुलांना त्या पुऱ्या करूं द्याव्या, कारण पुरें करण्याची संवय मोलाची आहे. परंतु त्यांतील कोणती गोष्ट करतांना हात अडखळला, हें घरांतील वडील माणसांनीं विचारावें आणि शांतपणें ऐकून घ्यावें. यादी तें कधींच विचारणार नाहीं.

पुस्तकांचा गठ्ठा अद्याप माळ्यावरच आहे. तो खालीं काढ, असें आम्हीं तिला सांगितलेलें नाहीं.