प्रांताचा विजेता : आरादच्या ‘उता’ क्लबपर्यंतचा प्रवास

पश्चिम रुमानियातील तिमिश्वाराहून आरादला जाणारा लोहमार्ग साठ किलोमीटरांहूनही कमी लांबीचा असून, बानात या सपाट आणि सुपीक प्रदेशातून तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे जातो. रुमानियन फुटबॉलचा इतिहास राजधानी बुखारेस्टच्या बाहेर उभे राहून पाहायचा असेल, तर एवढा प्रवास पुरेसा होतो; कारण दुसऱ्या महायुद्धापूर्वी या खेळाचे बळ मुख्यतः देशाच्या याच भागात एकवटलेले होते. तिमिश्वाराच्या किनेझुल या क्लबने 1922 ते 1927 या काळात सलग सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अर्थात त्या वेळचे विजेतेपद आजच्यासारख्या साखळी स्पर्धेतून ठरत नसे. निरनिराळ्या विभागांचे विजेते बाद फेरीत एकमेकांशी खेळत आणि शेवटी उरणारा संघ देशाचा विजेता मानला जाई. संपूर्ण देशासाठी ‘दिविझिया आ’ ही साखळी 1932 मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिलेच विजेतेपद त्याच शहरातील रिपेन्सिया या क्लबने, म्हणजे उघडपणे व्यावसायिक खेळाडू बाळगणाऱ्या देशातील पहिल्या संघाने, पटकावले. पुढे आणखी तीन विजेतेपदे मिळवूनही हा क्लब साम्यवादी राजवटीच्या आरंभी, 1948 मध्ये, बंद पडला. म्हणजे प्रवासी ज्या शहरातून निघतो त्या शहराची फुटबॉलमधील श्रीमंती, आरादची सुरू होत असतानाच, सरली होती.

वाटेत विंगा हे गाव लागते. अठराव्या शतकात येथे येऊन वसलेल्या कॅथलिक बल्गेरियनांनी बांधलेले दोन मनोऱ्यांचे नव-गॉथिक चर्च आकाराने एखाद्या शहराला शोभावे असे आहे आणि सपाट शेतांच्या पार्श्वभूमीवर ते अधिकच उंच भासते. जर्मन, हंगेरियन, सर्ब, बल्गेरियन, ज्यू आणि रुमानियन अशी सरमिसळ असलेल्या या मुलखात क्लबांच्या खेळाडूंची यादी वाचली तरी लोकसंख्येचा इतिहास हाती लागतो. आरादूल नोऊ, म्हणजे नवे आराद, हे स्थानक मागे टाकून गाडी मुरेश नदीचा पूल ओलांडते. याच नदीच्या एका वळणात मारिया थेरेसाच्या कारकिर्दीत बांधलेला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे. हंगेरियन स्वातंत्र्ययुद्ध चिरडल्यानंतर 6 ऑक्टोबर 1849 रोजी तेरा सेनानींना याच शहरात देहदंड देण्यात आला आणि त्यामुळे, आराद पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात आले तरी, हंगेरियन स्मृतीत त्याचे स्थान वेगळेच राहिले.

शहराचा मध्य क्रांती मार्ग या रुंद रस्त्याभोवती वसलेला आहे. नगरपालिकेची मनोऱ्याची इमारत, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातील वाड्यांच्या रांगा आणि त्यांच्या मधून धावणाऱ्या ट्राम यांवरून हे शहर एके काळी किती सधन होते याचा अंदाज येतो. या सधनतेचा पाया कारखान्यांचा होता. रेल्वेचे डबे येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनत आले आहेत, आणि मद्यार्क व पीठ यांच्या धंद्यातून वर आलेल्या नॉयमान या ज्यू घराण्याने पुढे कापडउद्योगात मोठे भांडवल घातले. फुटबॉल क्लबाची कथा या कापडगिरणीपासून सुरू होते.

बॅरन फ्रान्चिस्क फॉन नॉयमान याने 18 एप्रिल 1945 रोजी, युरोपातील युद्ध अजून संपलेले नसताना, आपल्या गिरणीच्या नावाने ‘इता’ हा क्लब स्थापन केला. आज रूढ असलेले ‘उता’ हे नाव ‘उझिनेले तेक्स्तिले आराद’, म्हणजे आरादचे कापड कारखाने, यांच्या आद्याक्षरांचे आहे. लंडनच्या आर्सेनल क्लबाचे हायबरी हे मैदान नजरेसमोर ठेवून नॉयमानने आरादमध्ये स्टेडियम उभारले असे सांगितले जाते. ते 1946 मध्ये खुले झाले आणि त्याच हंगामात क्लबाने युद्धोत्तर साखळीचे पहिले विजेतेपद घेतले. पुढच्या हंगामात, म्हणजे 1947-48 मध्ये, विजेतेपद आणि चषक अशी दोन्ही बक्षिसे आरादला आली. त्या हंगामात लादिस्लाऊ बोन्याडी याने केलेले 49 गोल हा एका हंगामातील रुमानियन विक्रम आजही मोडलेला नाही. त्याचा जोडीदार योसिफ पेचोव्स्की हा तर महायुद्धाच्या काळात हंगेरीकडून आणि नंतर रुमानियाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला खेळाडू होता.

मात्र 11 जून 1948 रोजी रुमानियातील उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले, गिरणी सरकारजमा झाली आणि नॉयमानला पुढे देश सोडावा लागला. क्लब टिकला, पण त्याचे नाव बदलून ‘फ्लामुरा रोशिए’, म्हणजे लाल झेंडा, असे ठेवण्यात आले. सोव्हिएत पद्धतीनुसार हंगामही शरद ते वसंत असा न राहता एका पंचांगवर्षात बसवण्यात आला, म्हणूनच 1950 आणि 1954 ही क्लबाची पुढची दोन विजेतेपदे एकेकाच वर्षाने ओळखली जातात.

या काळात बुखारेस्टमध्ये दोन संघ सर्वांत बलवान होत गेले : एक सैन्याचा, जो पुढे स्तेआवा या नावाने प्रसिद्ध झाला, आणि दुसरा गृहखात्याचा दिनामो. लष्करी सेवेच्या निमित्ताने प्रांतांतील तरुण खेळाडू सैन्याच्या संघाकडे ओढले जाणे ही त्या काळची नित्याची गोष्ट होती. अशा परिस्थितीत 1953 च्या चषकाच्या अंतिम सामन्यात एका गिरणीच्या संघाने सैन्याच्या संघाला 1-0 असे हरवले, याचे मोल केवळ एका गोलाच्या फरकाने मोजता येत नाही. ‘प्रांताचा विजेता’ हे बिरुद क्लबाला मिळाले ते अशा विजयांतून. त्यात अभिमान आहे. पण प्रांतातील विजेता हा वेगळा उल्लेख करण्याजोगा अपवाद ठरला होता, ही कबुलीही त्यात आहे.

निकोलाए दुमित्रेस्कू या जुन्या खेळाडूच्या प्रशिक्षणाखाली 1968-69 आणि 1969-70 या लागोपाठच्या हंगामांत क्लब पुन्हा विजेता झाला. पहिल्या विजेतेपदानंतर युरोपीय चषकात वॉर्सॉच्या लेगिया संघाने आरादकरांचा परक्या मैदानावर 8-0 असा फडशा पाडला होता, त्यामुळे सप्टेंबर 1970 मध्ये नेदरलँड्सच्या फेयेनोर्ड क्लबाशी गाठ पडली तेव्हा फारशी आशा बाळगावी असे काही नव्हते. प्रशिक्षक एर्न्स्ट हाप्पेल यांचा हा संघ युरोपचा विजेता होता आणि अवघ्या आठवड्यापूर्वी अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसला नमवून आंतरखंडीय चषकही त्याने जिंकला होता. रॉटरडॅममधील पहिला सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि आरादमधील दुसऱ्या सामन्यात गोलच झाला नाही. दोन सामन्यांची बेरीज समान असेल तर परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जावा, असा तेव्हाचा नियम होता. त्यानुसार रॉटरडॅमच्या एका गोलावर उता पुढे गेला आणि विद्यमान विजेता पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पुढच्या फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारने आरादला थांबवले. 1971-72 च्या यूईएफए चषकात मात्र क्लबाने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे तो टॉटनहॅमकडून हरला. टॉटनहॅमने पुढे तो चषक जिंकला, आणि लंडनमधील परतीच्या सामन्यात आरादने त्यांना 1-1 असे बरोबरीत रोखले होते.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी चालतो, कारण तो वर चढण्याचा आणि खाली घसरण्याचा आहे. 1979 मध्ये क्लब प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला. राजवट बदलल्यावर कारखान्यांचा आधार सुटला. 2008 मध्ये पुन्हा घसरण झाली आणि पहिल्या श्रेणीत परतायला 2020 उजाडावे लागले. जुने स्टेडियम पाडून त्याच जागी उभारलेले, साडेबारा हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील असे नवे स्टेडियमही त्याच वर्षी खुले झाले, परंतु कोरोनाच्या निर्बंधांमुळे सुरुवातीचे सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळावे लागले. ज्याला देश सोडावा लागला त्या बॅरनचेच नाव या वास्तूला आहे. ती ज्या वस्तीत आहे तिला आजही ‘उता’ म्हणतात.

क्लूझ शहराच्या सीएफआर या रेल्वेच्या क्लबने 2008 ते 2022 या काळात आठ विजेतेपदे मिळवली, आणि राजधानीबाहेरील सर्वाधिक विजेतेपदांचा मान आता आरादकडे राहिलेला नाही. तरीही सैन्य आणि गृहखाते यांचे संघ सर्वांत प्रबळ असताना एका कापडगिरणीच्या संघाने मिळवलेली विजेतेपदे अधिक कठीण होती, असेच म्हणावे लागते.