निशाणी नांगर

२०२३ सालच्या दिवाळीपूर्वीची एक दुपार. तास संपवून मी विभागात येऊन बसलो होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन दारात उभा राहिला. वडिलांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी केलेली एक झेरॉक्स होती. "सर, तुम्हाला मोडी वाचता येती म्हणं. आमचं रेकॉर्ड निघतंय का बघा बरं," ते म्हणाले. एम.ए.ला असताना मोडी शिकलो त्याला वीसएक वर्षे झालेली. मी दोन दिवसांची मुदत मागून कागद ठेवून घेतला. ते गेल्यावर कागदाआधी त्यांचा शब्दच मनात घोळू लागला.

त्या दिवसांत हा शब्द सगळ्या मराठवाड्यात घोळत होता. निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी असल्याचे उल्लेख शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून ११,५३० नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरही या व्यवहारात आले. या साऱ्याच्या न्याय्यतेविषयी मतभेद आहेत आणि ते तीव्र आहेत. तो वाद माझ्या अधिकाराबाहेरचा. मी भाषेचा मास्तर. मला दिसले ते एवढेच, की आजवर तलाठ्याच्या आणि शाळेतल्या कारकुनाच्या ओठांवर असलेला शब्द पारावरच्या गप्पांत शिरला. 'तुमची निघाली का?' एवढे विचारले तरी पुरत असे. काय निघाली, हे सांगावे लागत नसे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 'रेकॉर्ड' असे लिहिले आणि मराठी प्रतिशब्द विचारले. आधी मुलांनी रेकॉर्डचेच मराठी संसार सांगितले. विराट कोहली रेकॉर्ड मोडतो, लग्नात रेकॉर्ड वाजते (निदान आजोबांच्या लग्नात वाजत होती), विज्ञान शाखेची मुले प्रॅक्टिकलचे रेकॉर्ड लिहितात आणि पोलिसांकडे एखाद्याचे रेकॉर्ड खराब असते. एका शब्दाने विक्रम, तबकडी, वही आणि पूर्वचरित्र अशी चार घरे सांभाळली आहेत. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्यात हृदयाचा अर्थ दडलेला आहे. पुन्हा हृदयाशी आणणे, म्हणजे आठवणे, हा त्याचा पहिला अर्थ. कागद नंतर आला. पाठांतराला इंग्रजी माणूस हृदयाने पाठ करणे म्हणतो, आपण मात्र 'तोंडपाठ' म्हणतो. आपली स्मृती तोंडात राहते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

मग प्रतिशब्द आले. पहिला 'दप्तर'. शब्द फारसीतून आला, त्याच्याही मागे ग्रीकमधले कातडे आहे. पेशवे दप्तर ते पहिलीतल्या पोराच्या पाठीवरचे दप्तर असा त्याचा पसारा. 'दप्तरी दाखल' झालेला अर्ज मात्र कोणी पुन्हा पाहत नाही. ठेवणे आणि विसरणे या दोन्ही क्रिया या शब्दाने एकाच कपाटात ठेवल्या आहेत. दुसरा 'दस्तऐवज'. फारसी रूप 'दस्तावेज', त्यातला 'दस्त' म्हणजे हात. मराठी कानाला त्यात 'ऐवज' ऐकू आला असावा आणि हाती धरायचा कागद आपण मोलाची चीजवस्तू करून टाकला. ज्याच्या ट्रंकेत सोन्याऐवजी खरेदीखतच आहे, त्याला हा बदल चुकीचा वाटणार नाही. तिसरा 'अभिलेख', शासकीय मराठीचा. भूमी अभिलेख कार्यालयाच्या पाटीवर तो शोभून दिसतो. मात्र त्या पाटीखाली उभा राहून कोणी 'माझा अभिलेख द्या' म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. लोक 'उतारा' मागतात.

उतारा हा शब्द मला विशेष प्रिय. सातबाऱ्याचा उतारा, प्रश्नपत्रिकेतला उतारा आणि विषावरचा उतारा. पहिल्या दोहोंत एकीकडचे दुसरीकडे उतरवून घेणे आहे. तिसऱ्यात चढलेले उतरवणे आहे. भावकीच्या भांडणात पहिला उतारा पुष्कळदा तिसऱ्याचे काम करतो आणि कधी उलटेही होते. 'टिपणे' याहून बोलका. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, शिंपी टीप घालतो, शिकारी सावज टिपतो आणि विद्यार्थी टिपणे काढतो. चोचीने, नेमके, एकेक उचलणे हा या शब्दाचा प्राण. त्यात सावजाचाही वाटा आहे, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

आणि 'दाखला'. जातीचा, वयाचा, शाळा सोडल्याचा. पण आपण निबंधात, कीर्तनातही दाखला देतो, म्हणजे उदाहरण. इंग्रजीत कागदाला जो 'डॉक्युमेंट' शब्द आहे, त्याचे लॅटिन मूळ 'शिकवणे' हे; धडा, उदाहरण, पुरावा असा तो प्रवास आहे. दूरदूरच्या दोन भाषांत कागद आणि उदाहरण एका शब्दात भेटावेत, याचे मला नवल वाटते. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग ज्याच्याकडं दाखला नाही, त्याचं उदाहरण कुणी द्यायचं?" मी विषय पुढे नेला. उत्तर नव्हते.

कारण शेवटी उरला तो 'नोंद' हाच शब्द आणि त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे. नोंद करणारा एक असतो, नोंद घेणारा दुसरा आणि जिची नोंद होते ती व्यक्ती तिसरीच. सातबाऱ्यावर नोंद लागते, तलाठी फेर ओढतो, शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात नोंद निघते. या वाक्यांचा कर्ता बहुधा दुसरा कोणी तरी असतो. इंग्रजीतल्या रेकॉर्डने एका शब्दात जे झाकले, ते मराठीत क्रियापदांनी उघडे पडते: लेखणी कोणाच्या हाती होती.

आपल्या वाङ्मयात याची जाण फार जुनी आहे. म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरात लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा चक्रधरांच्या आठवणी त्यांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तांकडून गोळा केल्या. आठवणी जुळल्या नाहीत तेथे सांगणाऱ्याच्या नावासह पाठभेद ठेवला. पुढे मूळ प्रत लुटीत गेली आणि भक्तांनी स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. हृदय आणि तोंड तेथे कागदाच्या मदतीला धावले. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. तिचे अभंग पांडुरंगाने लिहून घेतले, अशी श्रद्धा आहे. मी तिच्याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. नामदेवाघरच्या दासीचे शब्द उतरवून घ्यायला लेखनिक कोण बसणार? लोकपरंपरेने तो मान थेट देवाला दिला आणि एका न झालेल्या नोंदीची भरपाई केली.

घरी आलो तो आई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिचा जन्म जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. शाळेचे तोंड पाहिले नाही, म्हणून प्रवेश-निर्गम उतारा नाही. 'पोलीस ॲक्शनच्या साली मी रांगत होते' ही तिची जन्मनोंद. म्हणजे सप्टेंबर १९४८ पासून मागे मोजायचे. माझी जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाला त्या एका दिवशी जन्माला घातले. मराठवाड्यात ३१ मे रोजी निरोपसमारंभांना हार पुरत नाहीत, त्याचे कारण हेच. तेवढीही कृपा आईवर कोणी केली नाही. तिला विचारले, तुझे नाव पहिल्यांदा कागदावर कधी चढले? ती लगेच म्हणाली, "बहात्तरला. खडी फोडायला गेलते तवा मस्टरवर. थोरला पोटात होता. अंगठा घेतला." मग हसून, "आता कामून पाहिजे रे माझी नोंद? तुमच्या समद्यांच्या म्याच ठेवल्या की."

ते खरे होते. भावंडांचे जन्म, कोणाला गोवर कधी आला, कोणत्या पावसात कोणती भिंत पडली, कोणाचे उसने कधी फिटले, सारे तिच्या तोंडी. त्या मस्टरला मात्र वाळवी लागून किती वर्षे झाली असतील! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव अनिवार्य केले आहे. माझे नाव माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावासह आहे. आईचे नाव त्यांत कोठेही नाही.

रात्री झेरॉक्स काढून बसलो. कागद जमिनीच्या खरेदीचा होता. मोडी घाईची, कुलकर्ण्याच्या वळणाची. अक्षरे एकमेकांच्या गळ्यात पडलेली. विद्यार्थ्याचे घराणे घेणारातही नव्हते आणि देणारातही. तळाशी साक्षीदारांच्या ओळीत त्याच्या वडिलांच्या पणजोबांचे नाव सापडले. जात लिहिलेली नव्हती. नावापुढे दोनच शब्द होते, 'निशाणी नांगर', आणि शेजारी नांगराचे ओबडधोबड चित्र. लिहिता न येणारे कुणबी पूर्वी सही म्हणून नांगर काढीत, हे पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहत होतो प्रथमच. रेघ एका जागी जाड झाली होती. तेथे हात थांबला असावा.

ठरल्या दिवशी बापलेक आले. मी सांगितले, की अर्जात लागतो तो शब्द या कागदात नाही. चित्र आहे, पण कार्यालय चित्र ग्राह्य धरील असे मला वाटत नाही. मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र कागदावर वाकले होते. "हे त्येंच्या हातचं हाय?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी नांगरावरून बोट फिरवले, लिहायला शिकणारे मूल गिरवते तसे, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घडी न करता, कागद तसाच सरळ पिशवीत ठेवला आणि मुलाला म्हणाले, "याची एक कलर झेरॉक्स काढून घे. घरी लावू."