शितावरून समुद्राची परीक्षा

मुंबईत जन्म काढूनही ससून डॉक न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. कुलाब्याकडे जाताना बसच्या खिडकीतून तो सुप्रसिद्ध वास येतो, रुमाल नाकाला लागतो आणि बस पुढे सरकते. परंतु ज्याला पापलेट प्रिय आहे, त्याने एकदा तरी पहाटे पाचच्या सुमारास आत शिरावे. ससून घराण्याने १८७५ साली हा धक्का बांधला, तो कापसाच्या व्यापारासाठी. आज तेथे कापसाचा धागाही दिसत नाही. दिसतात त्या एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या बोटी, बर्फाचे ढीग, हवेतून झेपावणाऱ्या पाट्या आणि लिलावाच्या गदारोळात कंबर खोचून उभ्या राहिलेल्या कोळणी. कोपऱ्यात बायकांची रांग कोळंबी सोलत असते. त्यांच्या बोटांचा वेग पाहून आपण थक्क व्हावे.

या गर्दीत एक तरुण फूटपट्टी आणि वही घेऊन उकिडवा बसला होता. पाटीतला एकेक बांगडा उचलावा, लांबी मोजावी, वहीत टिपावी, मासा परत ठेवावा. विकत मात्र काही घेईना! चौकशी केली तेव्हा कळले, स्वारी मत्स्यसंशोधनाच्या कामावर आहे.

“मोजून मासा वाढतो का रे पोरा?” शेजारच्या कोळणीने विचारले.

“वाढत नाही मावशी, पण किती उरलाय ते कळतं,” तो हसून म्हणाला.

हेच या शास्त्राचे सार. रानातले हरीण मोजता येते, समुद्रातला मासा दिसतच नाही. मग त्याची शिरगणती करायची कशी? आपल्या आयाबायांना उत्तर ठाऊक आहे: शितावरून भाताची परीक्षा. फक्त शीत पातेल्याच्या एकाच कडेचे घेऊन चालत नाही. म्हणून १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था किनाऱ्याचे विभाग पाडते, बंदरे आणि महिन्यातले दिवस चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडते आणि त्या दिवशी आलेल्या काही बोटींवरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधते. महिनोन्महिने लांबी टिपली की मासा किती वेगाने वाढतो ते उमगते. मोठे मासे वहीतून नाहीसे होऊ लागले, तर उपसा फार झाला असे समजावे. पोट चिरून गाभोळी पाहिली की विणीचा हंगाम कळतो.

पण धक्क्यावर येतो तो कोळ्याने शोधून पकडलेला मासा. तो जाणार जिथे मासळी आहे तिथेच! यासाठी दुसरी वही लागते, ती सर्वेक्षण-जहाजावरची. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. त्याचेच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण झाले. असे जहाज आखून दिलेल्या ठिकाणी, ठरलेल्या रीतीने जाळे ओढते. तेथे मासळी असो वा नसो. रिकामे जाळे वर आले की कोळी कपाळाला हात लावील. शास्त्रज्ञ मात्र वहीत शून्य लिहितो, आणि ते शून्यही मोलाचे असते.

त्या शून्याची किंमत कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाने मोजली. तेथील कॉड माशावर शतकानुशतके गावे जगली. १९६८ साली तर आठ लाख टनांवर कॉड निघाला. पुढे मासा घटला, तरी उरलेला एकत्र गोळा होई आणि सुधारलेल्या यंत्रांची मोठी जहाजे त्याला अचूक गाठत. त्यांची जाळी भरलेली पाहून सरकारी अंदाज फुगत गेले. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार ‘मासा लहान झाला, कमी झाला’ असे सांगत होते. त्यांचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद झाली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले. तीही अवघ्या अठरा हजार टनांच्या मर्यादेवर.

आपल्याकडे पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेची जुनी रीत आणि सरकारी बंदी येथे हातात हात घालून चालतात. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये असा दंडक घातला. त्या दंडकामागे अशाच फूटपट्ट्या आहेत. मात्र डोळ जाळ्यात शिरलेले पापलेटचे पिल्लू नियम वाचत नाही, आणि डिझेलचे पैसे चुकवायचे असलेल्या तांडेलाला ते परत समुद्रात टाकणे सोपे नाही.

“पूर्वीचं पापलेट ताटात मावायचं नाही,” कोळीण मला म्हणाली. तिने ते फूटपट्टीशिवाय सांगितले. तिची आठवण आणि त्या तरुणाची वही एकच गोष्ट बोलू लागतात, तेव्हा शहाण्याने कान द्यावा.

आणि आपण? वाचकहो, बाजारात तळहाताएवढी पापलेटे स्वस्तात मिळाली म्हणून पिशवी पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या पिल्लाला अजून एकदा तरी वीण द्यायची होती.